आळंदकरांची वही

तुळजापूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६६

चिरंजीव बाबूराव यास अनेक आशीर्वाद.

चौदा वर्षांनी धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर मायना कोणता घालावा, याला शास्त्राधार सापडला नाही. म्हणून जुनाच घातला आहे. पसंत नसेल तर तेवढी ओळ फाडून टाक आणि खालचं वाच.

इकडं सर्व क्षेम. पाठशाळेत सात विद्यार्थी आहेत, त्यांतले चार जागे असतात. हरणाबाई अजून धुण्याभांड्याला येते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून जाते. थंडी बरी पडली आहे.

काम असं की, पौषात शाकंभरी नवरात्राला एक यजमान येणार आहेत. आपल्या पुजारीपणाच्या वहीत त्यांच्या घराण्यातल्या आल्यागेल्यांची जी नोंद आहे, ती त्यांना पाहायची आहे. यजमान आळंदचे. वडिलांच्या मागं वह्यांची वाटणी झाली तेव्हा आळंद, अक्कलकोट आणि अफझलपूर या गावांच्या तीन वह्या तुझ्याकडं आल्या, हे तुझ्या ध्यानात असेलच. माझ्या चार वह्या मी चारदा चाळल्या. चमत्कार होऊन आळंद त्यांत आलं असेल अशी आशा होती. आलं नाही.

तरी आळंदची वही जाफरबरोबर पाठवावी. जाफर म्हणजे जैनोद्दीन घड्याळवाल्याचा पुतण्या, तुझ्या सोलापूरहून इकडं येणारी मोटार तोच चालवतो. हे पत्रही त्याच्याच हाती देत आहे. काम झालं की वही परत करीन.

यजमान कोण, ते विशेष नाही. बाहेरगावची मंडळी. मी दुसऱ्या कोणत्या हेतूनं लिहीत आहे असा तर्क करू नकोस.

सौ. शारदेस आशीर्वाद.

अण्णा


तुळजापूर,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चि. बाबूराव यास आशीर्वाद.

वही आली नाही. जाफर आला. त्याला दारातच धरलं.

"काय म्हणाले?"

"काही न्हाई."

"वाचलं तरी का?"

"वाचलं की. दोनदा. मग घडी करून खिशात घातलं. मला पानी दिलं, गूळ दिला. आन् इचारलं, घाटात मोटार चढती का म्हनून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलो, चढती, पन लोकं उतरून ढकलत्यात."

"यावर?"

"हसले."

तू हसलास हे ऐकून बरं वाटलं. पेट्रोलाअभावी कोळशावर चालणाऱ्या त्या मोटारीला हसलास की मला, हे जाफरला सांगता आलं नाही.

आता एक दुरुस्ती. यजमान विशेष नाहीत असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं. येणार आहेत त्या नीलाबाई आळंदकर. होय, त्याच. सोलापुरात ज्यांच्या गाण्याला मंडपाच्या बाहेर कनातीला कान लावून लोक उभे राहतात म्हणे, त्या.

न्याय-व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला त्यांचं काय, असं तू म्हणशील. सांगतो. तुझी वहिनी गेली तेव्हा तू तेराव्याला आलास, अंगणात बसलास, एक शब्द न बोलता गेलास. दोष देत नाही. बोलण्यासारखं मीच काही ठेवलं नव्हतं. त्यानंतर संध्याकाळ नावाचा प्रहर मला फार लांब वाटू लागला. एकदा घड्याळ बंद पडलं म्हणून जैनोद्दीनच्या दुकानी गेलो. त्यानं ग्रामोफोन आणला होता. त्यावर या बाईंची भैरवी लागली होती. मी फळीवर टेकलो. तबकडी संपल्यावर म्हणालो, "घड्याळ राहू दे आणखी आठ दिवस. नीट पाहा." 

त्याला सहा वर्षं झाली. घड्याळ अजून दुरुस्तीलाच आहे. परवा जैनोद्दीन म्हणाला, "शास्त्रीबुवा, घड्याळ तर कवाच बरं झालंय. तुमी कवा बरे होनार?"

आणखी एक. दुकानाच्या आतल्या बाजूनं त्याची बायको कुलसुमबी आलं घातलेला चहा पाठवते. पहिल्या वर्षी मी 'नको' म्हणालो. दुसऱ्या वर्षी 'उपवास आहे' म्हणालो. तिसऱ्या वर्षी पंचांगातले उपवास संपले. तेव्हापासून घेतो. कपबशी त्यांचीच. हे तुला कळवावं असं फार दिवस मनात होतं. धैर्य आज झालं.

तर वही पाठव. ज्या बाईंच्या गाण्यानं माझ्या संध्याकाळी सावरल्या, त्या माझ्या दारी येणार आणि 'नोंद दाखवा' म्हणणार, आणि मी 'वही भावाकडं आहे' म्हणणार, हे मला सोसायचं नाही.

अण्णा


तुळजापूर,
मार्गशीर्ष वद्य एकादशी

बाबूराव,

तुझ्याकडून काही नाही. जाफर म्हणतो, या खेपेला तू पत्र वाचून 'बरं' म्हणालास. 'बरं' या अव्ययाचे अर्थ लावत मी चार दिवस घालवले.

आज एकादशी. पोटात काही नाही तेव्हा खरं बाहेर पडायला अडचण कमी.

नीलाबाईंचं पत्र मला आलं नव्हतं. वर नाव तुझं होतं: 'श्री. बाबूराव उपाध्ये, पुजारी, तुळजापूर.' टपालवाल्यानं आडनाव पाहून माझ्या हाती दिलं. मी फोडलं. आणि उत्तरही पाठवलं. 'अवश्य यावे, वही तयार आहे,' असं लिहून खाली सही केली ती तुझ्या नावाची. गेली तीस वर्षं मी मुलांना सत्याचं लक्षण पाठ करायला लावतो आहे; त्यांतल्या एकालाही हे सांगू नकोस.

तिच्या पत्रातला मजकूर तुझा आहे, तो तुला उतरवून देतो:

'आपणांस स्मरत असेल की नाही, कोण जाणे. चौदा वर्षांपूर्वी चैत्री पौर्णिमेस मी आणि माझी आई शिवम्मा आपल्या दारी आलो होतो. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला नीलव्वा म्हणत. आम्हां दोघींना बाहेरच्या पायरीवर उन्हात वाढलं होतं. आपण आतून आपलं पान उचलून आणलंत आणि आमच्या शेजारी बसून जेवलात. आई त्याच वर्षी वारली. जाईपर्यंत म्हणत होती, तुळजापुरात एक माणूस आपल्याजवळ बसून जेवला. आता मला नाव झालं आहे. लोक भेटायला येतात, हार घालतात, हात जोडून उभे राहतात. मला मात्र एका माणसाला भेटायची फार वर्षं इच्छा आहे.'

हे वाचून मी किती वेळ बसलो होतो ते सांगता येत नाही. घड्याळ दुरुस्तीला आहे.

मला ठाऊक नव्हतं रे. सहा वर्षं जिचं गाणं ऐकायला मी रोज वेस ओलांडून जात होतो, ती हीच पोर, हे मला कुठून ठाऊक असणार? नीलव्वा कुठं आणि नीलाबाई कुठं! पण ठाऊक नव्हतं ही सबब तरी कसली? ती गाणारी निघाली नसती तर तिला उन्हात वाढणं योग्य ठरलं असतं काय?

पायरीवर वाढायला मीच सांगितलं होतं. कलावंतिणींना आत घ्यायचं नाही, पाच पिढ्या असंच चाललं आहे, असं म्हणालो. तू पान घेऊन बाहेर बसलास तेव्हा 'उठ' म्हणालो. तू उठला नाहीस. मग आळीतल्या चार लोकांसमोर म्हणालो, 'माझ्या पंक्तीला आता तुझं पान नाही.' हे वाक्य तू विसरला असशील अशी आशा करण्याइतका मी मूर्ख नाही.

काल हरणाबाईला हे सगळं सांगितलं. वाटलं, ती समजूत घालील. ती भांडं घाशीत म्हणाली, "म्या हुते की तवा. पत्रावळी म्याच मांडल्या. तुमी म्हनलात पायरीवर मांड, मांडल्या. तितली फरशी इतकी तापली हुती, माजं पाय पोळलं. त्या पोरीनं एकदा बी पाय उचलला न्हाय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला कोन इचारतंय! आन् तुमी तरी कुनाचं ऐकत हुता व्हय? सख्खा भाऊ गेला, त्येचं बी न्हाय ऐकलं."

तिच्यापुढं माझा तर्कशास्त्राचा अभ्यास टिकत नाही. विषय बदलावा म्हणून मी बाईंच्या स्वागतासाठी केलेला शार्दूलविक्रीडितातला श्लोक अर्थासह म्हणून दाखवला. त्यात त्यांना कोकिळेची उपमा दिली आहे. हरणाबाई म्हणाली, "पाव्हनी बाई दारात आल्या आल्या तिला काळी कशापायी म्हंता?"

असो. बाई पौष शुद्ध नवमीला येतात. त्या मला भेटायला येत नाहीत, तुला भेटायला येतात. नुसती वही आता पुरणार नाही. तू ये. मला वाटेल ते बोल, लोकांसमोर बोल. पण ये.

अण्णा


तुळजापूर,
पौष शुद्ध चतुर्थी

बाबूराव,

वही पोचली.

जाफर सांगत होता, निजामाच्या हद्दीवरल्या करोडगिरी नाक्यावर अंमलदारानं गाठोडं सोडायला लावलं. वही उलटीसुलटी करून पाहिली. मोडी त्याला लागेना. विचारलं, "इसमें क्या है?" जाफर म्हणाला, "माणसं हैत, साब." अंमलदारानं पुन्हा पाहिलं. "कितने?" जाफर म्हणाला, "पाच पिढ्या." यावर जकात किती, हे त्याच्या कायद्यात नव्हतं, सोडलं.

मी गाठोडं उघडून आत तुझी चिठ्ठी शोधली. मग फडकं झटकलं. मग वहीचं पान न् पान. चिठ्ठी नाही. दोरीला गाठ मात्र तुझीच होती, लहानपणी मारायचास तशी, ओढावी तितकी घट्ट होणारी. अर्धा तास लागला. कापली नाही.

आळंदचं पान काढलं. वाडवडिलांच्या अक्षरांत त्या घराण्यातल्या बायका एकीखाली एक आहेत. बापाचं नाव कुठंच नाही. आई, तिची आई, तिची आई. कुणालाच सही येत नव्हती. शेतकरी निशाणी म्हणून नांगर काढतात, तशी या घराण्यातली प्रत्येक बाई आपल्या नावापुढं तंबोरा काढून गेली आहे. खाली भोपळा, वर दांडी. सगळ्यांत शेवटी तुझं अक्षर: 'चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १८५२. शिवम्मा, राहणार आळंद. सोबत लेक नीलव्वा, वय पंधरा. निशाणी तंबोरा.' शिवम्माच्या तंबोऱ्याची दांडी तिरपी गेली आहे. भोपळा वाकडा झाला आहे.

आणि त्याखाली एक ओळ. ती तू तेव्हा लिहिलीस हे मला माहीत नव्हतं. 'यांच्यासोबत जेवलो. बाबूराव.'

आपल्या सात वह्यांत, दीडशे वर्षांत, कुणा पुजाऱ्यानं असं काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी त्या ओळीवरून बोट फिरवत बसलो. तुझं अक्षर तेव्हाही वाईटच होतं.

नवमीला सकाळी जाफरच्या मोटारीत दोन जागा धरायला सांगितल्या आहेत. एक बाईंना, एक तुला.

अण्णा


तुळजापूर,
पौष शुद्ध नवमी, दुपार

प्रिय बाबूराव,

मोटारीतून एकच जागा भरून आली.

मी पहाटे उठून स्वयंपाक केला, माजघरात तीन पानं मांडली आणि उपरणं घेऊन मोटारतळावर उभा राहिलो. जैनोद्दीनही होता, ठेवणीतली शेरवानी घालून, काखेत बाईंच्या चारही तबकड्या. मोटार आली. मला वाटलं होतं बाई उंच असतील. आवाज उंच आहे ना. उतरल्या त्या लहानशा, पायांना घाटातली धूळ, कारण मोटार ढकलताना त्याही उतरून चालत आल्या होत्या. आणि उजवा गाल सुजलेला. दाढ दुखत होती. तोंडात लवंग धरली होती. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्यात लवंगेचा वास असेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

जैनोद्दीननं तबकड्या पुढं केल्या. बाईंनी एक हातात घेतली, पाहिली, म्हणाल्या, "ही माझीच? ही नका हो ऐकू. फार घाई केलीय यात मी." जैनोद्दीननं जणू आपलीच चूक असल्यासारखी मान खाली घातली.

मी एवढंच म्हणालो, "या."

त्या थांबल्या. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाबूराव नव्हे."

"कशावरून?"

"माझ्या ध्यानात चेहरे राहत नाहीत, शास्त्रीबुवा. आवाज राहतात. 'उठ' म्हणाला होता तो हा आवाज."

बाबूराव, ज्या बाईचा आवाज मी सहा वर्षं कानात घेऊन फिरलो, तिच्या कानात माझा आवाज चौदा वर्षं होता. कुठल्याही भक्ताला याहून मोठं काय मिळायचं? श्लोक खिशातच राहिला.

घरी आणलं. दारात आल्यावर सगळं सांगितलं. पत्र मी फोडलं, सही मी केली, तुला मी घालवलं. त्या रागावल्या नाहीत. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली तेवढंच. मग म्हणाल्या, "वही दाखवा."

माजघरात पाटावर बसून त्यांनी ते पान पाहिलं. मोडी येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. आजीपासून सुरुवात केली. शिवम्माच्या नावाशी आलो तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि तो वाकडा तंबोरा कितीतरी वेळ पाहिला. "अव्वाला तेव्हा बोटं वळत नव्हती," म्हणाल्या. "मी म्हटलं, मी काढते. तर म्हणाली, तुझं तू काढ, मी मेल्यावर." मग विचारलं, "याच्याखाली काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'यांच्यासोबत जेवलो.' माझा आवाज फुटला. गाणाऱ्या बाईसमोर बेसूर होणं काय असतं ते आज कळलं.

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अव्वाला कुणी सांगायला पाहिजे होतं, की त्यांनी हे लिहून ठेवलंय."

मी म्हटलं, "आता आपली नोंद करायची. नाव मी लिहितो, आपण निशाणी काढा."

"वही कुणाची?"

"बाबूरावची."

"मग त्यांनी लिहायचं."

"निदान जेवण तरी. पानं आत मांडली आहेत. हे पाहा, इथं. मी शेजारी बसतो."

त्यांनी मांडलेल्या पानांकडं पाहिलं. तिसऱ्या रिकाम्या पानाकडं जरा जास्त वेळ. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत, मी आत आले, माझं मन भरलं. पण माझ्यापायी ज्या घरातलं माणूस उठून गेलं, तिथं त्याच्याआधी मी कशी जेवू? तुम्हांला सोलापूर फार लांब आहे का?"

"घाटात ढकलावी लागते, एरवी नाही."

"मग उद्या जाऊ. तुम्ही येता ना?"

बाबूराव, तू का आला नाहीस ते मला समजतं. मी बोलावणं पाठवलं ते वहीसाठी, मग बाईंसाठी. तुझ्यासाठी पाठवलंच नाही. मोठ्या भावानं कसं जायचं, हा प्रश्न मी चौदा वर्षं सोडवत बसलो, आणि उत्तर एका पाहुण्या बाईनं दाढ दुखत असताना दिलं: मोटारीनं.

आता त्या देवळात गेल्या आहेत, हरणाबाई सोबत आहे. जाफर दुपारची खेप घेऊन निघतो आहे म्हणून घाईनं लिहितो. उद्या बारापर्यंत आम्ही तुझ्या दारी पोचू. वही मी बरोबर आणतो आहे. ती तुझी आहे, ती परत करायची आहे. त्या पानावर पुढची नोंद तू करायची आहेस.

माझ्या पंक्तीला तुझं पान नाही, हे मी बोललो होतो. ते चुकीचं होतं. तेव्हाही चुकीचं होतं, आणि तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या पंक्तीला माझं पान असेल तर शारदेला दोन जास्त मांडायला सांग, बाईंचं आणि माझं, शेजारी शेजारी. नसेल, तर बाईंचं तेवढं मांड. मी जेवण होईपर्यंत दारात उभा राहीन, आणि त्याबद्दल कुणाला काही बोलणार नाही.

भात थोडा मऊ लावायला सांग. बाईंची दाढ दुखते आहे, आणि मलाही घास लवकर उतरेल असं वाटत नाही.

तुझा
अण्णा